दगडांतलें पान आणि माझी चूक

ज्या घरीं गुटीची सहाण अद्यापि वापरांत आहे, त्या घरीं ओक वृक्षाचा प्रवेश पूर्वींच झालेला आहे. मात्र त्या घरच्या फार थोड्या मंडळींस हें ठाऊक असतें. गुटीच्या डब्यांत वेखंड, हळकुंड, मुरडशेंग यांच्या शेजारीं लहान सुपारीएवढें, अंगावर उंचवटे असलेलें जें मायफळ असतें, तें नांवानें फळ असलें तरी वास्तविक फळ नव्हे. पश्चिम आशियांतील एका ओकच्या कोंवळ्या डहाळीवर गांधीलमाशीच्या कुळांतील एक अतिशय बारीक कीटक अंडें घालतो, त्या जागीं झाड फुगतें, आणि ती फुगलेली गांठ म्हणजे आपलें मायफळ. माझ्या आजीनें तें मला उगाळून चाटविलें. पण तें झाड तिनें कधीं पाहिलें नाहीं, आणि मीही साठी उलटेपर्यंत नीटसें पाहिलें नव्हतें. सह्याद्रींत ओक आपण होऊन उगवत नाहीं. आपली मंडळी बदरीकेदारास जातात तेव्हां बांज, मोरू, खरसू या झाडांखालून जातात, आणि हीं तिन्ही ओकच. परंतु यात्रेकरूची दृष्टि एक तर पायांखालच्या वाटेकडे असते, नाहीं तर शिखराकडे.

माझा व ओकचा परिचय शब्दाच्या द्वारें झाला. ग्रीक भाषेंत ओकला व वृक्षमात्राला 'द्रूस' म्हणत. आपला 'द्रु', त्यावरून 'द्रुम', आणि 'देवदारु' या नांवांतील 'दारु' हे त्याच कुळांतील शब्द होत. संस्कृत शिकवितांना हें मी वर्गांत अनेक वेळां सांगितलें आहे. शब्दाचें मूळ सांगतां आलें म्हणजे वस्तु ओळखतां येते, असा एक भ्रम शिक्षकाच्या मनांत हळूहळू घर करतो. तो माझा भ्रम गेल्या वर्षीं एका दहा वर्षांच्या मुलीसमोर कसा दूर झाला, तें आज सांगावयाचें आहे.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां चिरंजीवांकडे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ऑरेगन येथें, पोर्टलंड शहरीं, चार महिने राहिलों. त्या संस्थानाच्या पूर्वेकडील कोरड्या डोंगराळ भागांत एक चिमुकलें गांव आहे, त्याचें नांवच 'फॉसिल', म्हणजे जीवाश्म. तेथील व्हीलर हायस्कूलच्या मागें जी टेकडी आहे, ती सारी पानांनीं भरलेली आहे. झाडांच्या नव्हे, दगडांच्या. सुमारें ३ कोटी ३० लक्ष वर्षांपूर्वीं त्या प्रदेशांत ज्वालामुखी धुमसत होते आणि त्यांची राख तळ्यांच्या तळाशीं थराथरानें बसत होती. कांठच्या झाडांचीं पानें त्या गाळांत पडलीं, दाबलीं गेलीं, आणि पोथींत ठेवलेल्या पिंपळपानाप्रमाणें तेथेंच राहिलीं. थोडें शुल्क भरलें कीं कोणासही तेथें खणतां येतें व ठराविक थोडे तुकडे घरीं नेतां येतात. त्याच मुलुखांत जॉन डे नांवाचें राष्ट्रीय स्मारक आहे; तेथें मात्र खडा उचलण्यासही बंदी, आणि तें योग्यच आहे. शाळेच्या पाठीशीं असलेली अशी टेकडी पाहून, तीस वर्षें एका कपाटाचा प्रयोगसंग्रह सांभाळलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या मनांत काय आलें असेल, हें शिक्षकबंधूंस सांगावयास नको.

नातीनें पसरट दगड उभा धरला, छिनीचा हलका टोला दिला, आणि पोथीचें पान उलटावें तसा तो दुभंगला. आंत तपकिरी रंगाचें, बोटभर लांबीचें पान होतें. "आबा, हें कसलें पान?" तिनें विचारलें. "ठाऊक नाहीं" हे दोन शब्द शिक्षकाच्या तोंडून सहसा निघत नाहींत. मी चष्मा वर सारला, पान डोळ्यांजवळ धरलें, शिरा पाहिल्या आणि म्हणालों, "ओक." तिनें तें तत्क्षणीं वहींत लिहिलें. पुढील आठवड्यांत तिच्या शाळेंत मुलांनीं जमविलेल्या वस्तूंचें प्रदर्शन होतें. त्यासाठीं तिनें सुंदर अक्षरांत चिठ्ठी केली: 'ओकचें पान. वय ३ कोटी ३० लक्ष वर्षें. ओळखलें माझ्या आबांनीं.'

मी ओक म्हणालों तें अगदींच वाऱ्यावर नव्हे. पान ओळखण्याची रीत काय आहे, तें घरच्या पानांवरूनच सांगतों. पिंपळाचें पान पाण्यांत कुजवून त्याची जाळी आपण सर्वांनीं लहानपणीं केलेली आहे. दगडांतलें पान ओळखणें म्हणजे ती जाळी वाचणें होय. देठापासून टोकापर्यंत जाते ती मुख्य शीर. तिच्यापासून दोहों बाजूंस फुटतात त्या दुय्यम शिरा. दोन दुय्यम शिरांमध्यें शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असतात त्या तृतीय शिरा. आणि त्यांच्याही आंत अगदीं बारीक चौकटींचें जाळें. आतां आंब्याचें पान उजेडाकडे धरा. दुय्यम शिरा कडेपर्यंत गेल्या आहेत असें प्रथम वाटतें. पण नीट पाहिलें तर कडेच्या किंचित् अलीकडेच त्या वर वळतात. जांभळाच्या पानांत त्या सर्व शिरा मिळून कडेशीं समांतर अशी एक निराळीच शीर बनवितात, लुगड्याच्या कांठासारखी. उलट करमळाचें पान घ्या. त्याच्या दुय्यम शिरा सरळ, एकमेकींशीं समांतर, कोंकणांतल्या वाफ्यांच्या ओळींसारख्या जातात, आणि प्रत्येक शीर कडेच्या एका दांत्याच्या टोकाशीं जाऊन संपते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या पानांतही हीच रीत दिसेल.

दांतेरी पानाच्या ओकची रीत या करमळासारखी आहे: शिरा सरळ, अंतर सारखें, एका शिरेस एक दांता. दुय्यम शिरांमधील आडव्या शिरा एका शिरेपासून दुसरीपर्यंत अखंड पोंचतात. मात्र ओक ही एक झाडाची जात नसून चारशेंहून अधिक जातींचें मोठें गोत्र आहे, आणि मोठ्या गोत्रांत सर्वांचे चेहरे सारखे कसे असतील? कांहीं ओकांची पानें खोल खांचा पाडल्याप्रमाणें असतात. त्यांत ज्यांस पांढरे ओक म्हणतात त्यांच्या पाकळ्या टोकाशीं गोल, आणि तांबडे ओक म्हणतात त्यांच्या टोंकदार, टोकाला केंसासारखा कांटा. पोर्टलंडला चिरंजीवांच्या घरापासून जवळच पांढऱ्या ओकांपैकीं एक जुना वृक्ष आहे. त्याचें पान पाहिलें कीं कुंभाराच्या बोटांनीं कड दाबली आहे असें वाटावें. कांहीं ओकांची कड मुळींच दांतेरी नसते आणि त्यांच्या शिरा आंब्याप्रमाणें कडेअलीकडेच वळतात. म्हणून 'ओकचें पान असें असतें' असें एका वाक्यांत सांगणारा मनुष्य एक तर फार मोठा पंडित असला पाहिजे, नाहीं तर माझ्यासारखा.

या स्तंभासाठीं त्या पानाचें चित्र काढावें म्हणून एका रात्रीं मी दिवा बाजूस, अगदीं खालीं ठेवला. ही युक्ति सर्वांनीं ध्यानांत ठेवावी: समोरून उजेड पडला तर दगडावरील ठसा सपाट दिसतो, तिरपा पडला तर शिरांच्या सावल्या उभ्या राहतात. भिंग घेतलें आणि पेन्सिलीनें एकेक शीर उतरवूं लागलों. पाहणें आणि चित्र काढण्यासाठीं पाहणें यांत किती अंतर आहे! सहा शिरा होईपर्यंत सर्व ठीक होतें. सातव्या शिरेशीं पानाची कड उत्तम टिकून होती. तेथें मला मोठ्या दांत्याच्या शेजारीं दुसरा, अगदीं लहान दांता दिसला, त्याच्याजवळ आणखी एक. दुय्यम शीर मोठ्या दांत्यांत शिरण्यापूर्वीं तिला बाहेरच्या अंगास बारीक फांटे फुटत होते, आणि ते त्या लहान दांत्यांकडे जात होते. इतरत्र कड झिजली होती, म्हणून ते दांते मला टेकडीवर दिसले नव्हते. एका शिरेस एक दांता हा नियम मोडला होता. दांत्यांवर दांते असलेलें हें पान ओकचें नव्हतें.

पुस्तकें काढलीं. ही कड आणि हा शिराविन्यास आल्डर नांवाच्या झाडाचा. तें भूर्जवृक्षाच्या कुळांतलें आहे. त्या टेकडीवर हें पान विपुल सांपडतें. आमच्याच पिशवींतील दुसऱ्या एका तुकड्यावर खवल्यांचें एक छोटें बोंड उमटलेलें होतें. तेंही आल्डरचेंच निघालें. त्या झाडाचें शास्त्रीय नांव 'आल्नुस हेटेरोडोंटा'. ग्रीक 'ओदोन्त्' म्हणजे आपला 'दन्त'. तेव्हां हेटेरोडोंटा म्हणजे विषमदंती, निरनिराळ्या दांतांची! जें लक्षण मी पाहिलें नाहीं तेंच त्याच्या नांवांत लिहिलेलें होतें, आणि तेंही मला वाचतां येईल अशा भाषेंत. त्या रात्रीं मला झोंप उशिरां लागली.

दुसरे दिवशीं सकाळीं प्रदर्शन होतें. मी चिरंजीवांस हकीकत सांगितली, तेव्हां ते म्हणाले, "असूं द्या, बाबा. दहा वर्षांच्या मुलांच्या प्रदर्शनांत कोण भिंग घेऊन येतो? तिचा विरस कशाला?" सूनबाईंचेंही तेंच मत पडलें. आमच्या घरांतून मात्र एवढेंच म्हणणें आलें कीं, "चिठ्ठीवर नांव तुमचें आहे." मी नातीस जवळ बोलावून सांगितलें कीं मी चुकलों. ती क्षणभर बोलली नाहीं, मग म्हणाली, "पण तुम्हीच तर म्हणालांत!" हें वाक्य वर्गांत कोणी मला उद्देशून उच्चारलें नव्हतें, उच्चारावयास हवें होतें असें पुष्कळ प्रसंग आतां आठवतात. मी कांहीं समजावीत बसलों नाहीं. दिवा तिरपा केला, भिंग तिच्या हातीं दिलें आणि सातव्या शिरेवर सुई ठेवली. ती बराच वेळ पाहत राहिली. नंतर तिनें स्वतःच आठव्या व नवव्या शिरेशीं तेच दांते हुडकून काढले, जे मलाही दिसले नव्हते.

या प्रसंगीं मला थोडा धीर आला तो थोरांच्या चुका वाचून. फॉसिल गांवच्या परिसरांतलीं हीं पानें प्रथम प्रसिद्धीस आलीं तीं टॉमस काँडन या धर्मोपदेशकाच्या खटपटीनें, आणि त्यांचीं वर्णनें लिहिलीं न्यूबेरी या विद्वानानें. माझें आल्डर त्यानें भूर्जांत घातलें होतें. १९९७ मध्यें मेयर व मँचेस्टर या दोघांनीं तें आल्डरांत आणलें. न्यूबेरी चुकून शेजारच्या खोलींत गेला इतकेंच; मी निराळ्याच वाड्यांत शिरलों होतों. कोलोरॅडो संस्थानांत फ्लॉरिसंट येथें सुमारें ३ कोटी ४० लक्ष वर्षांपूर्वींच्या तळ्यांतील खडकांत एक लांबट, सरळ शिरांचें दांतेरी पान अतिशय सांपडतें. लेकरे या नामांकित पंडितानें तें एल्म वृक्षाच्या एका आप्ताचें मानलें. १९०९ मध्यें हॉलिक यानें त्यास 'फॅगॉप्सिस' हें स्वतंत्र नांव दिलें. १९८३ मध्यें मँचेस्टर व क्रेन यांनीं एकाच डहाळीस पान, फूल व फळ चिकटलेले नमुने वर्णिले, तेव्हां तें ओक व बीच यांच्या कुळांतील, परंतु आज पृथ्वीवर नसलेलें झाड आहे हें निश्चित झालें. पानानें जें सुटलें नाहीं तें फळानें सोडविलें.

याच्या उलटही घडलें आहे. वर सांगितलेल्या 'द्रूस' शब्दावरून 'ड्रायोफायलम', म्हणजे द्रुपर्ण, असें एक नांव एकोणिसाव्या शतकांत देबे व सापोर्ता यांच्या हातून रूढ झालें. ओक-चेस्टनटांच्या पूर्वजांचीं पानें समजून कित्येक जुनीं पानें त्या नांवाखालीं जमा झालीं. १९८८ मध्यें जोन्स, मँचेस्टर व डिल्चर यांनीं मूळ पान पुन्हां तपासलें तों तें अक्रोडाच्या कुळाकडे जाणारें निघालें! नांवांत ओक, अंगांत अक्रोड. युरोपांतील एक पान तर इतकें हुबेहूब चेस्टनटचें कीं त्याचें नांवच १८५२ मध्यें चेस्टनट म्हणून पडलें. पुढें तें ओकांत आलें. आजही इराणांत कास्पियन समुद्राच्या बाजूस ज्याचें शास्त्रीय नांवच 'चेस्टनटपर्णी ओक' असें आहे तो वृक्ष जिवंत आहे, तेव्हां या घोटाळ्याबद्दल कोणास फार दोष देतां येत नाहीं. अशा वेळीं शिरांनीं भागत नाहीं. पानाच्या वरच्या पापुद्र्याचा अंश दगडांत टिकला असेल तर सूक्ष्मदर्शकाखालीं त्यावरील लव व श्वासरंध्रें पाहावीं लागतात.

शिरांचें हें शास्त्र जुनें आहे. व्हिएन्ना येथें एटिंग्सहाउसेन यानें १८६१ मध्यें पानांच्या सांगाड्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्या काळीं तेथें पानच शिशाच्या पत्र्यांत दाबून त्या ठशावरून छपाई करण्याची कला निघाली होती, त्यामुळें चित्रकाराच्या हातचा दोष चित्रांत येत नसे. पुढें लिओ हिकी यानें १९७३ मध्यें परिभाषा नव्यानें बांधली, आणि १९९९ व २००९ मध्यें तिच्यावर हातपुस्तकें निघालीं. आज पानाचें वर्णन करणारा मनुष्य 'सुंदर', 'लांबटसें' असें लिहीत नाहीं. कोन, अंतर, दांत्यांची संख्या लिहितो. व्याकरणांत पदच्छेद केल्यावांचून अर्थ सांगूं नये असा जो दंडक आहे, तसाच हा.

कोणी म्हणेल, तीन कोटी वर्षांपूर्वींच्या पानास ओक म्हटलें काय आणि आल्डर म्हटलें काय, कोणाचें काय बिघडलें? बिघडतें तें असें. १९१५ सालीं बेली व सिनट या दोघांनीं दाखवून दिलें कीं उष्ण प्रदेशांतील झाडांत अखंड कडेच्या पानांच्या जाती अधिक, आणि थंड प्रदेशांत दांतेरी पानांच्या अधिक. त्यावरून दगडांतील पानांच्या जाती मोजून त्या काळच्या हवेचा अंदाज बांधतात. आतां आपल्या हिमालयांतला खरसू पाहा. कोंवळ्या झाडाचें व खालच्या फांदीचें पान कांटेरी, आणि मोठ्या झाडाच्या वरच्या फांदीचें बहुधा साधें, अखंड कडेचें. एकाच वृक्षाचीं हीं दोन पानें दगडांत निरनिराळीं सांपडलीं, आणि एखाद्यानें त्यांच्या दोन जाती केल्या, तर हिशेब चुकलाच. गेल्या शतकापूर्वींच्या कित्येक पंडितांनीं अशा पुष्कळ जाती निर्माण केल्या, आणि त्यानंतरच्या मंडळींचा पुष्कळ काळ त्या कमी करण्यांत गेला. ओकचा इतिहास किती मागें जातो हाही प्रश्न असल्याच नांवांवर अवलंबून असतो. ऑस्ट्रियांत ओकचे परागकण सुमारें ५ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या थरांत सांपडले आहेत. त्याहून जुनें म्हणून कोणी पान पुढें केलें तर प्रथम भिंग मागावें.

मुलांस हा नाद लावावयाचा तर दगडांची आवश्यकता नाहीं. परसांतील दहा झाडांचीं पानें घ्यावीं. प्रत्येक झाडाचें एक नव्हे, पांच: कोंवळें, जून, उन्हांतलें, सावलींतलें, बुडाजवळचें. जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवावीं. मग नांवें झांकून, केवळ शिरा व कड पाहून कोणतें पान कोणत्या झाडाचें तें ओळखावें. आमच्या घरीं दिवाळींत हा खेळ झाला. पेरू व जांभूळ यांत तीन पदवीधर फसले, आणि आमच्या वहिनी एकदांही चुकल्या नाहींत. त्या पत्रावळीसाठीं पानें निवडीत मोठ्या झाल्या आहेत. दगडाचें पान हातीं आलेंच तर तें पाण्यानें धुऊं नये, मऊ कुंचल्यानें झटकावें. आणि कोठें, कोणत्या थरांत सांपडलें तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. नांव मागाहून लिहितां येतें, ठिकाण मागाहून आठवत नाहीं.

प्रदर्शनांत नातीनें जुनी चिठ्ठी टाकली नाहीं. 'ओक' हा शब्द एका रेघेनें खोडून तिनें वर 'आल्डर' लिहिलें, आणि खालीं, मला न विचारतां, 'ओळखलें मीं व आबांनीं' अशी दुरुस्ती केली. सातवी शीर दाखविण्यासाठीं कागदाचा लहानसा बाण चिकटविला. पारितोषिक दुसऱ्या एका मुलाच्या शिंपल्यांस मिळालें.

आमच्या पिशवींत आणखी एक तुकडा निघाला. त्यावर लांबट, टोकाकडे निमुळतें अर्धें पान आहे. देठाकडील भाग तुटलेला. शिरा सरळ, आडव्या शिरा अखंड, एका शिरेस एकच दांता. कड जेथें टिकली आहे तेथें लहान दांता कोठेंही नाहीं. त्या टेकडीवर ओकची एक जात खरोखरच सांपडते. न्यूबेरीनें तिचें नांव 'कॉन्सिमिलिस' म्हणजे 'अगदीं सारखी' असें ठेविलें, आणि तें वाचून मला हंसूं आलें. मी तो तुकडा तिच्याशीं तीन रात्रीं ताडून पाहिला. नातीनें चिठ्ठी लिहावयास घेतली तेव्हां मीं 'बहुधा ओक' असें सांगितलें. आतां दर रविवारीं ती दूरध्वनीवर विचारते कीं 'बहुधा' केव्हां जाणार. ओकच्या फळाची वाटी उमटलेला दगड त्याच थरांत सांपडला तर, असें मी तिला सांगतों. आणि येत्या उन्हाळ्यांत ती आपल्या वडिलांबरोबर छिनी घेऊन पुन्हां त्या टेकडीवर जाणार आहे.